फिल्मवर हवा काळी येते

रात्रपाळीत ती मालिका मला इद्रिसनं दिली,
पेनड्राइव्हमध्ये, चोवीस भाग, जपानी.
"मॅडम, तीन भाग सोसा. चौथ्यापासून झोप उडती."
माझी झोप तशीही शासनानं उडवलेली आहे.
परभणीचं सरकारी रुग्णालय, एक्स-रे, खोली नंबर नऊ.

गोष्ट एवढीच: एका राज्यात काहीतरी शिरतं
आणि माणसांची नावं खातं.
माणूस मरत नाही. जेवतो, दाराला कडी घालतो,
फक्त हाक मारली तर वळत नाही.

चित्रकाराला अंधार कळतो, हे आधी लिहून ठेवते.
बारा वर्षं मी काळं-पांढरंच बघतेय, मला फसवणं अवघड.
त्याच्याकडं काळे निरनिराळे आहेत:
तव्याच्या बुडाचा,
म्हशीच्या ओल्या पाठीचा,
वीज गेल्यावर जिन्याच्या सातव्या पायरीचा,
आणि एक, जो मला अजून सांगता येत नाही,
तो सहाव्या भागात आहे.

फिल्मवर हवा काळी येते.
शिकायला आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगते:
पांढरं दिसलं तर तिथं हाड आहे.
काळं दिसलं तर तिथं काही नाही.
सहाव्या भागापर्यंत मालिकेला हे माहीत होतं.

सातव्यात विसरली.
अंधाराला शिंगं फुटली, मग पाय, मग सेनापती,
बारा सेनापती, बारांचे बारा हुद्दे,
आणि प्रत्येकाची लहानपणीची हकिकत,
तीही मरता मरताच सांगायची, छातीत भाला घेऊन, चार-चार मिनिटं.
अहो, बरगडीतून हवा आत शिरली
की माणसाला "पाणी" एवढंसुद्धा नीट म्हणता येत नाही.
मी टेबलापाशी उभी असते, ऐकलेलं आहे.

तुटलेला हात पुढच्या भागात जागेवर.
जाऊ द्या, तेवढं चालवून घेतलं.

पण नायकाचा राग अकरा भाग चालतो,
आणि ती दिवे लावणारी पोरगी,
जी खाल्लेली नावं एकेक करून पाठ ठेवते,
तिचं स्वतःचं नाव लेखकानं ठेवलंच नाही.
शेवटच्या पाट्यांतही नुसतं "दिवेवाली".
"मुद्दाम असंल, मॅडम," इद्रिस म्हणाला.
मुद्दाम असतं तर गोष्टीतल्या कुणीतरी
एकदा तरी तिला विचारलं असतं.

एकोणिसाव्या भागात नायक छतावरून नाव ओरडतो
आणि अख्खं गाव गर्रकन वळतं.
व्हायोलिनं. डोळ्यांत पाणी. माझ्याही, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात स्टेशनवरून एकाला आणलं.
कागदावर: अनोळखी पुरुष, अंदाजे पंचावन्न.
डावं मनगट. नवीन काही नव्हतं,
जुना मोड होता, वाकडा जुळलेला,
कुणीतरी घरीच बांबूच्या कामट्या बांधल्या असाव्यात.
इद्रिस स्ट्रेचरशी वाकून नावं घ्यायला लागला.
सोपान? "हो."
रहीमतुल्ला? "हो."
ग्यानबा? खंडू? सायलू? "हो. हो. हो."
शेवटी गमतीनं म्हणाला, "इद्रिस?"
त्यालाही "हो".
मग इद्रिस हसला नाही.
व्हायोलिनं कुठंच नव्हती, एसीचं पाणी बादलीत पडत होतं.

चोविसावा भाग बघू नका.
बघितलाच तर आवाज बंद करून बघा,
चित्रं तरी वाया जाणार नाहीत.

सहावा मात्र मी साडेतीनला परत लावते.
त्यात ती पोरगी दारं वाजवत जाते.
आत माणसं आहेत, ओ देत नाहीत.
ती थांबते, कोनाड्यात तेल घालते, वात वर सारते,
पुढच्या दाराशी जाते.
पाच मिनिटं कुणी बोलत नाही.
राक्षस नाही, तलवार नाही,
फक्त तो काळा, आणि त्यात तिचा कोपर.

"म्हणजे चांगली का वाईट, एकदाचं सांगा की ओ,"
इद्रिस चहाचे कप विसळत विचारतो.
मी म्हणते, नऊ नंबरवरचा लाल दिवा उडालाय,
सकाळी स्टोअरमधून आण.